उसनी पाकळी

"ज्या बाईच्या नावाची पाकळी, तिनंच ती वापरायची," नसीमाताई म्हणाल्या होत्या. "बहीण असू दे, जाऊ असू दे, सख्खी लेक असू दे. उसनवारी चालायची न्हाई. वाटीभर साखर न्हवं ही, भिंतीवरनं द्यायला."

समिधानं ते हसण्यावारी नेलं. ओट्याला टेकून ती लेकीला, जुईला, शिरा भरवत होती, आणि जुई प्रत्येक घासाला तोंड फिरवत होती.

"ताई, मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलंय. मला कुठं शिकवताय?"

"तुला न्हाई गं, घराला सांगतोय म्हण," आशा सेविका म्हणून वीस वर्षं वॉर्डात फिरलेल्या नसीमाताई म्हणाल्या. दोन छोट्या डब्या ओट्यावर ठेवून त्या पुढच्या दारी गेल्यासुद्धा. एका डबीवर समिधाचं नाव होतं, दुसरीवर तिच्या धाकट्या जावेचं, प्रांजलचं.

ही गोष्ट २०३५ सालची. तारळेकरांचं घर इचलकरंजीत, खाली माग आणि वर राहती घरं असलेल्या गल्लीत. माग आता पूर्वीसारखे खडखडत नाहीत, हवेच्या झोतावर चालतात, तरी जमिनीतून एक बारीक थरथर दिवसभर पायांना लागत राहते. त्या थरथरीवर चहाच्या कपात गोल उठतात. समिधा लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटायचं, आपल्यालाच कापरं भरलंय.

पाकळी म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी पातळ चकती. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पॅडवर चिकटवायची आणि चार तासांनी काढायची. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या आतून येतं, त्यामुळे आत खोलवर काय चाललंय त्याच्या खुणा त्याच्यासोबत बाहेर येतात. पूर्वी त्या खुणा कुणी वाचत नव्हतं. कागदात गुंडाळून टाकून देत होते. पाकळी त्या वाचायची. लैंगिक संबंधांतून लागणारे जे जिवाणू असतात, त्यांच्या जनुकांचे तुकडे सापडले की चकती पिवळी व्हायची, नाही सापडले तर हिरवी. त्यातला सगळ्यात दबक्या पावलांचा क्लॅमिडिया. तो बाहेर राहतच नाही, शरीराच्या पेशीत शिरतो आणि आत बसून वाढतो. दहातल्या सात बायकांना काही कळत नाही. ना ताप, ना खाज, ना दुखणं. गोळ्या सात दिवसांच्या, साध्या, स्वस्त. फक्त वेळेत घ्यायला हव्यात, आणि नवराबायको दोघांनी घ्यायला हव्यात.

पाकळी आणखी एक गोष्ट मोजायची. बीजकोशापासून गर्भाशयापर्यंत बीज आणणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात, त्या आतून शिवणाच्या दोऱ्याएवढ्या अरुंद. त्यांच्या आत मखमलीसारखी लव असते, ती हलते आणि बीज पुढं सरकतं. जिवाणू तिथवर पोचला की शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईत ती लवच भाजून निघते. जखम भरते, पण रफू केल्यासारखी, गाठ धरून. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ही गाठ किती धरली असेल त्याचा अंदाज पाकळी शंभरपैकी एका आकड्यात सांगायची. शंभर म्हणजे नळ्या साफ, आकडा जितका कमी तितकी गाठ जास्त. कागदोपत्री त्याला 'नळी निर्देशांक' म्हणत. गल्लीत नुसतं 'अंक'.

चकती फोनला टेकवली की निकाल दवाखान्याच्या फाईलमध्ये जाई, आणि त्याची एक प्रत नोंदवलेल्या नंबरवर. योजनेत लिहिलं होतं, नंबर ज्या त्या बाईचा. पण तारळेकरांच्या घरात गॅस, रेशन, वीज, सगळं सासूबाईंच्या, शोभाताईंच्या, नंबरवर होतं. नोंदणीला आलेल्या मुलीनं नंबर विचारला, शोभाताईंनी सवयीनं स्वतःचा सांगितला. गल्लीतल्या बहुतेक घरांत तसंच झालं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

पहिल्या वर्षी पाकळीनं पुष्कळ भलं केलं. नसीमाताईंनी घरोघर गोळ्या पोचवल्या. ज्यांना कधी कळलंच नसतं अशा पोरी वेळेत बऱ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी स्थळं बघताना पत्रिकेबरोबर अंक मागायला लागले. पुरुषांना पाळी येत नाही, त्यामुळे पुरुषांसाठी पाकळी नव्हती. त्यांनी दवाखान्यात जाऊन लघवी तपासायची होती. आख्ख्या वॉर्डातून कितीजण गेले असं समिधानं एकदा विचारलं, तेव्हा नसीमाताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "एक आलता. त्याला वाटलं साखर तपासायचीय."

जे फक्त बाईत मोजलं जातं ते बाईचंच असतं, असं लोक धरून चालले.

*

प्रांजल लग्न होऊन आली तेव्हा तिचा अंक एक्याण्णव होता. शोभाताईंनी तो कौतुकानं चार घरी सांगितला होता. प्रांजल जतकडची. बोलायला मोकळी, हसायला लागली की खाली बसायची. तिचा नवरा हर्षद सुरतेला आणि भिवंडीला नवे माग बसवून द्यायला जायचा. दोन महिने तिकडं, आठवडाभर घरी.

लग्नाला सव्वा वर्ष झालं तेव्हा एका दुपारी ती समिधाच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. मूठ उघडली. तळहातावर कागदाच्या घडीत पिवळी चकती होती.

"ताई, फोनला लावली नाही अजून. नुसती धरून बसलेय."

समिधानं ती उजेडात नेऊन पाहिली. कडेला बारीक आकडा होता, अठ्ठ्याहत्तर.

"अगं, गोळ्या घेतल्या की जाईल. आत्ता कुठं सुरू झालंय. लाव फोनला. नसीमाताई गोळ्या आणून देतील."

"आणि आईंच्या फोनवर पिवळं दिसेल."

"दिसू दे ना."

"तुला बोलायला काय," प्रांजल म्हणाली. "मला विचारतील कुठनं आणलंस. माझ्या बाबांना बोलावून घेतील. तुला माहितेय, मी लग्नाआधी कुणाचा हातसुद्धा..." तिनं वाक्य सोडून दिलं. "ताई, तुझा आज पाळीचा दुसरा दिवस ना?"

समिधाला प्रश्न कळला, आणि तो कळला म्हणूनच ती घाईनं जुईची खेळणी गोळा करायला लागली.

"एकदाच," प्रांजल म्हणाली. "माझी दुसरी पाकळी आहे डबीत. तुझ्या रक्तावर लावू. तोवर मी गोळ्या घेते. पुढच्या महिन्यात मी माझी खरीच हिरवी दाखवते."

समिधानं विचार केला तो असा, की उपचार तर होतोयच, मग कागदावर काय दिसतं त्यानं काय फरक पडतो. शिकलेल्या माणसाचा विचार होता तो. तिनं होकार दिला. ओळखीच्या मेडिकलमधून सात दिवसांच्या गोळ्या स्वतःच्या नावानं आणल्या. प्रांजलनं त्या शेवयांच्या डब्यात लपवून वेळेवर घेतल्या. शोभाताईंच्या फोनवर दोन्ही सुनांचे हिरवे निकाल आले, एक चौऱ्याण्णव, एक ब्याण्णव.

"हर्षद भाऊजींनापण द्यायला हव्यात," समिधा म्हणाली.

"काय सांगून देऊ?"

जीवनसत्त्वाच्या म्हणून दे, असं समिधानं सुचवलं. प्रांजलनं दिल्या. हर्षदनं गोळीचं नाव फोनवर शोधलं आणि बाटली खिडकीतून खाली फेकली. "मला काय झालंय?" एवढंच विचारून तो सुरतेला गेला. प्रांजलनं पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या महिन्यात अडचण दिसली. गोळ्यांनी जिवाणू मरतो, गाठ जात नाही. प्रांजलनं खरी पाकळी लावली असती तर ब्याण्णवचा अंक एकदम खाली आला असता, आणि आधीचा निकाल कुणाचा होता ते विचारायला दवाखान्यातून माणूस आला असता. मग पुन्हा एकदा उसनी. आणि पुन्हा. दोघींची पाळी दोन-चार दिवसांच्या फरकानं यायची. समिधा एकाच पॅडवर दोन चकत्या लावायची. सहा-सात महिने तसंच चाललं. प्रांजलच्या आत काय चाललंय ते तेवढा काळ कुणीच पाहिलं नाही. हर्षद दर दोन महिन्यांनी घरी येत होता.

*

श्रावणात प्रांजलला दिवस गेले. घरच्या चाचणीवर दोन रेघा आल्या. शोभाताईंनी गल्लीभर पेढे वाटले आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, देवासमोर बसून पोटभर रडल्या. "एकाला एक झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही पोरांचं झालं."

समिधाही खूश होती. मग आठवडाभरानं प्रांजल जिन्यात कठड्याला धरून उभी दिसली.

"काय होतंय?"

"उजव्या बाजूला ओढल्यासारखं. थोडं डागतंयपण."

दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होती, चांगली होती, बाहेर साठ बायका बसल्या होत्या. तिनं पडद्यावर फाईल उघडली. फाईल हिरवी होती.

"अंक ब्याण्णव. छान आहे. साडेसहा आठवड्यांत थोडं डागणं होतं. ह्या गोळ्या घ्या, जड उचलू नका. सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात."

"आधी नाही का करता येणार?" समिधानं विचारलं.

"पिवळ्या आणि कमी अंकाच्या फाईलवाल्यांची आधी लागते. एकच मशीन आहे, ताई. तुमच्या जावेला गरज नाही."

समिधाच्या जिभेवर आलं होतं. प्रांजलनं टेबलाखालून तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

रिक्षात समिधाला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं पानच दिसत होतं. नळीत गाठ धरली असेल तर बीज फळतं, पण पुढं सरकत नाही. अर्ध्या वाटेत अडकतं आणि तिथंच वाढायला लागतं. चाचणीवर दोन रेघा येतात, मळमळ होते, सगळं गरोदरपणासारखंच. पण दोऱ्याएवढी जागा ती. सहाव्या ते आठव्या आठवड्यात नळी फुटते. रक्त पोटात साचतं, बाहेर दिसतं ते फक्त डाग. आधी कळलं तर एका इंजेक्शनवर किंवा छोट्या ऑपरेशनवर निभावतं. नाही कळलं तर काही तासांत बाई जाते.

घरी आल्यावर समिधानं तिला जुईच्या खोलीत नेलं. जुई दुपारची झोपली होती, उताणी, एक पाय भिंतीला लावून.

"प्रांजल, आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. फाईल खोटी आहे म्हणून त्यांनी मशीन लावलं नाही."

"ताई, मला दिवस गेलेत. म्हणजे नळ्या चांगल्याच असणार की."

"तसं नसतं गं."

"तुला कसं कळणार? मला आत वाटतंय, ते बरोबर जागेवर आहे."

"ते वाटत नसतं. ते बघायला लागतं."

"बघितलं, आणि नसलं तर?" प्रांजलचा आवाज खाली गेला. "इंजेक्शन देऊन पाडणार ना? नंतर अंक बघून आई काय म्हणणार? हर्षद काय म्हणणार? तू तुझी पोर शेजारी झोपवून मला शिकवतेस, ताई."

समिधानं जुईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

प्रांजलनं तिचा हात धरला आणि झोपलेल्या जुईच्या डोक्यावर ठेवला. वर स्वतःचा हात ठेवला. "जुईची शपथ आहे तुला. कुणाला सांगायचं नाही. दुखणं वाढलं तर मीच सांगेन."

जुईच्या टाळूवरचे केस घामानं ओले होते. समिधानं हात काढून घ्यायला हवा होता. तिनं काढला नाही.

*

सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहिलेली, काचेच्या बशीत त्यांची पैदास केलेली ही बाई. लेकराच्या डोक्यावरची शपथ मोडली म्हणून काही होत नसतं, हे तिला नीट माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी तिनं फोन चार वेळा हातात घेऊन खाली ठेवला. सकाळी जुई शिंकली. समिधानं तिचं कपाळ चाचपलं, काख चाचपली, थर्मामीटर लावला. ताप नव्हता. दहा मिनिटांनी परत लावला. अजून तर मी कुणाला काही सांगितलंच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःची लाज वाटली.

प्रांजल चहाला खाली आली ती भिंतीला धरत. "बरी आहे," न विचारताच म्हणाली.

तेव्हा समिधानं ठरवलं. घरात कुणाला कळता कामा नये, फक्त दवाखान्याला कळवायचं, म्हणजे शपथही अर्धीमुर्धी राहील. गच्चीवर जाऊन तिनं पाकळीच्या मदतवाहिनीला फोन केला. प्रांजल तारळेकर यांच्या फाईलमधले सात-आठ महिन्यांचे निकाल चुकीचे आहेत, ते दुसऱ्या बाईचे आहेत, तिला आजच सोनोग्राफी हवी. पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दुरुस्तीची विनंती घेतलीय, मॅडम. नोंदवलेल्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवलाय. तो सांगा."

समिधाला कळायच्या आत खाली स्वयंपाकघरात शोभाताईंचा फोन वाजला.

ती जिना उतरली तेव्हा शोभाताई चष्मा वर सरकवून वाचत होत्या. पिठाचे हात फोनला लागले होते.

"समिधा, हे काय आलंय? प्रांजलच्या नोंदीत दुरुस्ती? कसली दुरुस्ती?"

"आई, तो कोड द्या मला. नंतर सांगते सगळं."

"आधी सांग."

समिधानं सांगितलं. उभ्या उभ्या, पिवळ्या चकतीपासून कालच्या डॉक्टरपर्यंत. ऐकता ऐकता शोभाताई पाटावर बसल्या. त्या दुष्ट बाई नव्हत्या. जुईच्या वेळी त्यांनी समिधाची तीन महिने पाठ चोळली होती.

"आणि तू त्यात हात घातलास?" शेवटी त्या म्हणाल्या. "शिकलेली तू."

"आई, कोड."

कोडची वेळ संपली होती. शोभाताईंनी तोवर दुसरा नंबर लावला होता, सुरतेचा. सवयीनं, स्पीकर लावून. घरात काहीही झालं की त्या पहिला फोन मुलाला करत. मोजक्या शब्दांत त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

"माझा काय संबंध?" हर्षदचा आवाज भांड्यांवर आपटत आला. मागं कुठल्यातरी कारखान्याचा गोंगाट होता. "पिवळी तिची आलीय ना? का माझी आलीय? वहिनी, तुम्ही तिला झाकत होता सात महिने. मला कुणी काही सांगितलं नाही. आता ते पोर कुणाचं, तेपण विचारायला लागेल."

"भाऊजी, तुमची तपासणी झालेलीच नाही," समिधा म्हणाली. "तुम्ही गोळ्या फेकल्या म्हणून..."

जिन्यात पैंजण वाजले. वळून पाहिलं तर प्रांजल शेवटच्या पायरीवर उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ती समिधाकडं बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. ते समिधाला जास्त लागलं.

"जुईची शपथ होती, ताई," ती म्हणाली.

मग वर गेली. समिधाला वाटलं खोलीत गेली. पाच मिनिटांत समिधा पुन्हा कोड मागवून, विनंती पूर्ण करून, सोनोग्राफीची आजची तीनची वेळ घेऊन धावत वर गेली, तेव्हा खोली रिकामी होती. फोन उशीवर पडला होता. गच्चीवरून शेजारच्या कारखान्यात उतरणारा लोखंडी जिना होता, त्या वाटेनं ती गेली होती.

*

अकरा वाजले होते. समिधाचा नवरा सौरभ मागावरून तसाच, केसांत कापसाचे तंतू घेऊन, मोटारसायकलवर बाहेर पडला. बसस्थानक, हातकणंगले स्टेशन, पंचगंगेचा घाट. घाटाचं नाव त्यानं घरात घेतलं नाही, परत आल्यावर नुसती मान हलवली. जतला प्रांजलच्या वडलांना फोन झाला, ती तिकडं पोचली नव्हती. पोलीस ठाण्यात म्हणाले, सज्ञान बाई आहे, रुसून गेली असेल, संध्याकाळपर्यंत वाट बघा.

"तिच्या पोटात रक्तस्राव होत असेल," समिधा म्हणाली.

हवालदारानं तिच्याकडं आणि तिच्या कडेवरच्या जुईकडं पाहिलं. "डॉक्टरचा कागद आहे का तसा?"

कागद होता, कालचा. त्यावर ब्याण्णव लिहिलं होतं.

सव्वातीनला एका अनोळखी नंबरवरून संदेश आला. 'ताई मी प्रांजल. मी बरी आहे. रागावले नाही. जरा झोपले की बरं वाटेल. उजवा खांदा फार दुखतोय, काल बादली उचलली म्हणून असेल. हर्षदला सांगू नको कुठं आहे ते.'

समिधानं तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा ती खांद्याशी थांबली. पोटात साचलेलं रक्त वर चढून छातीखालच्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मुळाशी एकच. म्हणून पोट फाटतं आणि दुखतो खांदा. बादलीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नळी फुटली होती.

तिनं नंबर लावला. एका कॉलेजच्या मुलीनं उचलला. "हो, एका ताईंनी मिरज स्टँडवर मागितला होता माझा फोन. पांढऱ्या पडल्या होत्या एकदम. मी म्हटलं दवाखान्यात सोडू का, तर म्हणाल्या नको, खोली घेतलीय जवळच, पडते जरा. मी आता सांगलीला पोचले ओ."

"कुठली खोली? कुठल्या बाजूला गेली?"

"बघितलं नाही. सॉरी. चालत गेल्या, हळूहळू. कंबरेत वाकून."

मिरज. दर दुसऱ्या इमारतीवर दवाखान्याची पाटी असलेलं गाव. कर्नाटकातून, सोलापुरातून माणसं जीव वाचवायला तिथं येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांना राहायला स्टँडभोवती गल्लीगल्लीत भाड्याच्या खोल्या आहेत. शंभर, दोनशे, कोण मोजणार. त्यांतल्या एकीत दार लावून प्रांजल झोपायच्या तयारीत होती.

दोघं मिरजेला पोचल्यावर सौरभनं रुग्णालयांच्या बाजूनं सुरुवात केली. समिधा जुईला कडेवर घेऊन स्टँडच्या मागच्या गल्लीत शिरली. फोनवर प्रांजलचा लग्नातला फोटो. "ही बाई आलीय का तुमच्याकडं?" एका ठिकाणी मालक जेवत होता, हात वर करून नाही म्हणाला. एका ठिकाणी वही पुढं केली, त्यात नुसत्या गिचमिडी सह्या. तिसरीकडं म्हणाले, एकट्या बाईला आम्ही खोली देतच नाही. जुई रडून रडून खांद्यावर झोपली. तिचं कपाळ गरम वाटत होतं. समिधानं यावेळी चाचपून पाहिलं नाही.

पाच वाजता नसीमाताईंचा फोन आला. त्या प्रशिक्षणाला कोल्हापुरात होत्या, आता बाहेर पडल्या होत्या.

"ताई, मी तिच्या नावावर माझं रक्त लावलं," समिधा म्हणाली.

"ते मग बघू," नसीमाताई म्हणाल्या. "मिरजेतल्या सगळ्या आशांचा आमचा ग्रुप हाय. एकेकीच्या फोनमधी हजार-हजार घरं हायेत. तू लिही. खरं लिही, लाजू नको. मी माझ्या नावानं सोडतो. नोकरी गेली तर गेली."

स्टँडच्या बाकावर जुईला आडवी करून समिधानं लिहायला घेतलं. समोर बेळगावची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता. चुकीची अक्षरं उमटत होती. ती खोडून पुन्हा लिहायला तिनं वेळ घालवला नाही.

'वाचणाऱ्या ताई, दादा, जो कोणी असाल. माझी जाऊ प्रांजल, वय चोवीस, सावळी, उंच, मोरपंखी पंजाबी ड्रेस, पायात पैंजण. मिरज स्टँडपासून चालत जाता येईल अशा कुठल्यातरी खोलीत एकटी आहे. तिला नळीतला गर्भ आहे आणि नळी फुटलीय. तिची दवाखान्यातली फाईल अजून चांगली दिसेल. ती खोटी आहे, मी खोटी केलीय, फाईलवर जाऊ नका. तिनं काही वाईट केलेलं नाही. तिला आजार लागला तो घरात लागला. तिला ऑपरेशन लागणार आहे, आत्ता, थोड्या वेळानं नाही. तुमच्या घरात, वाड्यात, लॉजमध्ये, शेजारच्या माळ्यावर आज दुपारी एकटी बाई उतरली असेल तर आधी उठा आणि तिचं दार वाजवा. आतून आवाज आला नाही तर परत वाजवा, मालकाला बोलवा, कडी तोडा. आवाज आला तर ती म्हणेल मी बरी आहे, झोपू द्या. तिला झोपू देऊ नका. आत जा, तिचा हात हातात घेऊन बघा गार आहे का, आणि १०८ ला फोन करा. मी स्टँडवरच आहे. ती तुमच्याकडं नसेल असं वाटत असलं, तरी एकदा जाऊन बघून या.'